परिसंस्था
परिसंस्था : विशिष्ट क्षेत्रातील सर्व सजीव आणि त्यांच्या भोवतालचे माती, पाणी, हवा, प्रकाश इ. अजैव घटक यांच्या परस्परक्रियांतून बनलेली, द्रव्य व ऊर्जा यांच्या देवघेवीवर चालणारी व्यवस्था. तळे, जंगल, गवताळ प्रदेश, खाडी, शेत ही तिची परिचित उदाहरणे होत. परिस्थितिविज्ञानातील ही संज्ञा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कला, मानसशास्त्र, व्यवसाय-व्यवस्थापन अशा क्षेत्रांतही रूढ झाली. हा अर्थविस्तार होताना मूळ कल्पनेतील काही भाग टिकला, तर काही गळून पडला.

संज्ञेचा उगम : जर्मन प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्ये परिस्थितिविज्ञानाला जे नाव दिले, त्याच्या मुळाशी ‘घर’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. कार्ल मोबियस यांनी १८७७ मध्ये समुद्रकाठच्या कालवांच्या वसाहतींचा अभ्यास करून त्यांतील प्राण्यांचा परस्परावलंबी जीवसमुदाय म्हणून विचार मांडला. ‘परिसंस्था’ या अर्थाची इंग्रजी संज्ञा ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्स्ली यांनी १९३५ मध्ये प्रथम छापील लेखात वापरली. वनस्पतिसमुदाय म्हणजे जन्मणारा, वाढणारा व प्रौढ होणारा एक जीवच, असे अमेरिकन शास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांचे मत होते. टॅन्स्ली यांना ते मान्य नव्हते. सजीव व त्यांचा अजैव परिसर यांची मिळून एकच भौतिक व्यवस्था बनते, असे त्यांनी प्रतिपादिले. या व्यवस्थेची सीमा बव्हंशी अभ्यासकाने सोयीसाठी आखलेली असते आणि मानवी व्यवहारही तिच्या विचारातून वगळता येत नाहीत, हे त्यांचे म्हणणे पुढील अर्थविस्ताराच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले.

निसर्गातील परिसंस्था : परिसंस्थेतील सजीवांचे कार्यानुसार तीन गट पडतात. प्रकाशसंश्लेषणाने अन्न तयार करणाऱ्या हिरव्या वनस्पती व शैवले हे उत्पादक, त्यांवर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे जगणारे प्राणी हे भक्षक आणि मृत द्रव्याचे विघटन करणारे सूक्ष्मजंतू व कवके हे अपघटक होत. अपघटकांमुळे मृत देहांतील पोषक द्रव्ये पुन्हा माती-पाण्यात मिसळतात व द्रव्याचे चक्र पुरे होते. ऊर्जेचे मात्र चक्र होत नाही. ती सूर्याकडून येते व प्रत्येक टप्प्यावर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील एका लहान सरोवराच्या अभ्यासावरून रेमंड लिंडेमन यांनी हा ऊर्जाप्रवाह १९४२ मध्ये मांडला. एका पोषण पातळीवरील ऊर्जेपैकी स्थूलमानाने दहा टक्केच पुढील पातळीवर पोहोचते. हरणांच्या मानाने वाघ संख्येने थोडे का असतात, याचे एक कारण यात सापडते. यूजीन ओडम यांच्या १९५३ मधील पाठ्यपुस्तकाने ही संकल्पना परिस्थितिविज्ञानाच्या केंद्रस्थानी आणली.

कलेतील परिसंस्था : ही संज्ञा नवी असली, तरी भूप्रदेश, जीवसृष्टी व मानवी भावना यांचा एकत्रित विचार प्राचीन आहे. तमिळ संगम काव्यातील ‘तिणै’ ही कल्पना त्याचे ठळक उदाहरण होय. या काव्यात डोंगर (कुरिंजी), वन-कुरणे (मुल्लै), शेतजमीन (मरुदम), समुद्रकिनारा (नेय्दल) व रखरखीत प्रदेश (पालै) अशा पाच भूप्रदेशांना विशिष्ट वनस्पती, प्राणी, ऋतू, प्रहर व व्यवसाय नेमून दिलेले आहेत. मीलन डोंगराशी, प्रतीक्षा वनाशी, रुसवा शेतजमिनीशी, विरहव्यथा किनाऱ्याशी व ताटातूट रखरखीत प्रदेशाशी जोडलेली आहे. त्यामुळे एका फुलाच्या उल्लेखाने जाणत्या रसिकाला सारा प्रसंग उमगतो. कुरिंजी हे फुलझाड सह्याद्रीतील कारवीच्याच प्रजातीतील आहे.

आधुनिक काळात काही कलावंतांनी परिसंस्थेचे चित्रण करण्याऐवजी तिची प्रक्रियाच कलाकृती म्हणून मांडली. हान्स हाके यांनी १९७२ मध्ये जर्मनीतील क्रेफेल्ट येथील संग्रहालयात ऱ्हाईन नदीचे दूषित पाणी शुद्ध करणारी यंत्रणा उभारून त्या पाण्यात मासे सोडले. नदीच्या प्रदूषणाकडे लक्ष वेधणारी ही कृती पाहणाऱ्याला त्याच पाण्याचा वाटेकरी ठरविते.

मानवी जीवनातील परिसंस्था : शिकागो येथील समाजशास्त्रज्ञांनी १९२० नंतरच्या दशकात वनस्पतींच्या अभ्यासातील ‘आक्रमण’ व ‘अनुक्रमण’ या कल्पना शहरातील वस्त्यांना लावल्या. यूरी ब्रॉन्फेनब्रेनर यांनी १९७९ मध्ये मुलाच्या वाढीचा विचार कुटुंब, शाळा, समाज व संस्कृती अशा एकात एक बसलेल्या वर्तुळांच्या आधारे केला. जेम्स मूर यांनी १९९३ मध्ये परस्परांवर अवलंबून असलेल्या उद्योगांच्या समूहास हीच संज्ञा लावली.

या वापरात परस्परावलंबनाची कल्पना टिकते. परंतु अपघटक, टाकाऊ द्रव्य आणि ऊर्जेची मर्यादा या गोष्टी सहसा गळतात. उद्योगसमूहाच्या वर्णनात पुरवठादार व ग्राहक येतात. सांडपाणी कोठे जाते, हे येत नाही. अशा वेळी ही संज्ञा केवळ रूपक उरते. रूपकाचा उपयोग असतो. पण मूळ अर्थाचा विसर पडल्यास माणूस परिसंस्थेच्या बाहेर उभा आहे, असा भ्रम निर्माण होतो.

पूर्व कोलकात्याची पाणथळ भूमी हा भ्रम दूर करते. सु. १२,५०० हेक्टरांच्या या क्षेत्रात शहराचे सांडपाणी कालव्यांतून उथळ तळ्यांत सोडले जाते. जंतू त्यातील सेंद्रिय द्रव्याचे विघटन करतात, उन्हामुळे शैवले वाढून पाण्यात ऑक्सिजन मिसळतो व मासे पोसले जातात. तळ्यांतील पाणी पुढे भातशेतीस मिळते. ही पद्धत मच्छीमार व शेतकरी यांनी अनुभवातून घडविली. ध्रुवज्योती घोष यांनी तिचा शास्त्रीय अभ्यास करून तिचे महत्त्व जगापुढे मांडले. कलकत्ता उच्च न्यायालयाने १९९२ मध्ये या क्षेत्रास संरक्षण दिले आणि २००२ मध्ये रामसर करारान्वये त्याचा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ भूमींत समावेश झाला. तरीही वाढत्या शहराचा दाब व तळी बुजविण्याचे प्रकार यांमुळे ते धोक्यात आले आहे. येथे एक तळे बुजले, तर केवळ मासे कमी होत नाहीत. शहराचे सांडपाणी शुद्ध होण्याची एक जागाही नाहीशी होते.

संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने झालेल्या २००५ मधील सहस्रक मूल्यांकनात परिसंस्थांपासून माणसाला मिळणाऱ्या लाभांचे पुरवठा, नियमन, सांस्कृतिक व आधारभूत असे चार वर्ग केले आहेत. त्यात तपासलेल्या २४ सेवांपैकी १५ सेवांचा ऱ्हास होत आहे किंवा त्यांचा वापर टिकाऊ नाही, असे आढळले. कोकण व सह्याद्रीतील देवराया या एकाच वेळी पाण्याचे उगम, दुर्मिळ वनस्पतींचे आश्रयस्थान व श्रद्धास्थान असल्याने या वर्गांच्या सीमा ओलांडतात. निसर्ग, कला व मानवी जीवन यांतील परिसंस्थेचे अर्थ वेगळे करून अभ्यासता येतात. प्रत्यक्षात ते एकाच भूमीवर नांदतात.