बदकांच्या पिल्लांचे बाह्य निवासात स्थलांतर

बदकांच्या पिल्लांचे बाह्य निवासात स्थलांतर म्हणजे घरात किंवा बंदिस्त शेडमध्ये कृत्रिम उबेवर वाढवलेली पिल्ले टप्प्याटप्प्याने उघड्या आवारातील खुराड्यात हलवण्याची प्रक्रिया होय. बदकपालनातील हा एक नाजूक टप्पा मानला जातो. उबेत व्यवस्थित वाढलेली पिल्लेही या काळात गारठा, ओलावा आणि शिकारी प्राणी यांमुळे दगावू शकतात.

पार्श्वभूमी

मस्कव्ही हा अपवाद वगळता बहुतेक पाळीव बदके मॅलार्ड या रानबदकापासून उत्पन्न झालेली आहेत. मॅलार्डची पिल्ले अंड्यातून बाहेर पडल्यानंतर साधारण एका दिवसात आईमागे पाण्यात उतरतात आणि थंडी वाजली की तिच्या पंखांखाली शिरतात. पाळीव पिल्लांच्या वाट्याला ही आई सहसा येत नाही. अंड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या खाकी कॅम्पबेलसारख्या जातींमध्ये अंडी उबवण्याची प्रवृत्ती फारच कमी उरली आहे. त्यामुळे त्यांची अंडी उबवणी यंत्रात किंवा खुडूक कोंबडीखाली ठेवली जातात. कोंबडीच्या स्वतःच्या अंड्यांना २१ दिवस लागतात, तर बदकाच्या अंड्यांना सुमारे २८ दिवस लागतात. खुडूक कोंबडी एवढे दिवस बसते आणि पुढे पिल्लांना ऊबही देते. मात्र पिल्ले पाण्यात शिरली की ती काठावरच राहते.

पिल्लाच्या अंगावर जन्मतः मऊ लव असते. ती कोरडी असेपर्यंत ऊब धरून ठेवते, पण भिजून अंगाला चिकटली की तिचा उपयोग उरत नाही. पिसांना तेल पुरवणारी शेपटीच्या मुळाशी असलेली तैलग्रंथीही या वयात पुरेशी कार्यरत नसते. म्हणूनच पोहण्यासाठीच घडलेल्या या पक्ष्याचे आईविना वाढलेले पिल्लू पाण्यात गारठून किंवा बुडून मरू शकते. नव्या पाळणाऱ्यांना हे सहसा पटत नाही आणि बरीच पिल्ले त्यातच जातात.

उबेचा काळ

पहिल्या आठवड्यात ब्रूडरखालील तापमान सुमारे २९ ते ३२ अंश सेल्सिअस ठेवतात आणि पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी उतरवत चौथ्या आठवड्यात २४ अंशांच्या आसपास आणतात. प्रत्यक्षात तापमापकापेक्षा पिल्लांची वागणूक अधिक बोलकी असते. ती दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करत असतील तर ऊब कमी पडते आहे. कडेला सरकून चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर ती जास्त झाली आहे. सर्वत्र विखरून निवांत बसलेली पिल्ले योग्य तापमान दर्शवतात.

बदके कोंबड्यांपेक्षा कितीतरी अधिक पाणी सांडतात, त्यामुळे भाताच्या तुसाची गादी लवकर ओली होते. घरातील जागा अपुरी आणि दमट होणे हेच पिल्ले बाहेर हलवण्याच्या घाईचे नेहमीचे कारण असते.

स्थलांतराची वेळ

भारतात अंड्यांच्या जातींच्या पिल्लांसाठी ३ ते ४ आठवडे कृत्रिम ऊब पुरेशी मानतात, तर मांसासाठीच्या जातींना २ ते ३ आठवडे पुरतात. तथापि केवळ वय हा निकष धरणे धोक्याचे आहे. पिसे प्रथम छाती, पोट, खांदे व शेपटी येथे फुटतात, तर पाठ व पंख शेवटी भरतात. पूर्ण पिसारा यायला साधारण ७ ते ८ आठवडे लागतात. तोपर्यंत रात्रीचे किमान तापमान निर्णायक ठरते. कोकणातील उबदार रात्री महिनाभराच्या पिल्लांना सहज मानवतात. परंतु हिवाळ्यात निफाडसारख्या ठिकाणी पारा १० अंशांच्याही खाली उतरतो, आणि तेथे त्याच वयाच्या पिल्लांना रात्री बाहेर ठेवता येत नाही. पावसाळ्यात प्रश्न तापमानापेक्षा ओलाव्याचा असतो, तर विदर्भाच्या उन्हाळ्यात दाट सावली नसलेले आवार थंडीइतकेच घातक ठरते.

सवय लावणे

दोन आठवड्यांनंतर, वारा नसलेल्या उबदार दिवशी पिल्लांना अर्धा-पाऊण तास कोरड्या जमिनीवर सोडतात. हा अवधी रोज वाढवत नेतात आणि ऊन उतरण्यापूर्वी त्यांना आत घेतात. दरम्यान ब्रूडरचा दिवा आधी दिवसा व मग रात्री बंद ठेवून पाहतात. सलग काही रात्री पिल्ले गोळा न होता झोपली, तरच मुक्काम हलवावा.

स्थलांतर सकाळी करणे चांगले, कारण अंधार पडण्यापूर्वी नवी जागा ओळखायला पूर्ण दिवस मिळतो. खाद्याची व पाण्याची भांडी जुनीच ठेवतात. बदक कळपाने राहणारा पक्षी असल्याने सर्व पिल्ले एकाच वेळी हलवतात, कारण एकटे राहिलेले पिल्लू अखंड ओरडत राहते आणि खाणेही सोडते. मोठ्या बदकांमध्ये त्यांना लगेच मिसळू नये. आधी काही दिवस मध्ये जाळी ठेवतात. अंधारात अचानक आवाज झाला तर बदके बिथरून एकमेकांना तुडवतात, यासाठी पहिल्या रात्री मंद दिवा उपयोगी पडतो.

जन्मानंतर लवकरच दिसलेल्या हलत्या आकृतीमागे जाण्याच्या पिल्लांच्या प्रवृत्तीला अनुमुद्रण म्हणतात. ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांच्या हंस व बदकांवरील अभ्यासामुळे ही संकल्पना सर्वपरिचित झाली. त्यांना १९७३ मध्ये कार्ल फॉन फ्रिश व निकोलास टिनबर्गन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. हाताखाली वाढलेली पिल्ले पाळणाऱ्यामागे आपसूक चालतात, त्यामुळे संध्याकाळी त्यांना खुराड्यात नेणे सोपे जाते.

पाणी

पिण्याच्या भांड्यात चोच नाकपुड्यांसह बुडली पाहिजे, पण अंग बुडता कामा नये. नाकपुड्या धुता आल्या नाहीत तर त्यात खाद्य अडकते. वाढीसाठी पोहणे आवश्यक नसते. पोहू द्यायचेच असेल तर उथळ परात पुरते, आणि बाहेर येण्यासाठी त्यात वीट किंवा दगड ठेवतात. नंतर पिल्ले पूर्ण सुकेपर्यंत ती उबेत असावीत.

खुराडे आणि आहार

दिवसा घार, कावळा, मुंगूस व भटकी कुत्री, तर रात्री उदमांजर, बोका आणि घूस यांपासून संरक्षण लागते. मोठ्या छिद्रांच्या जाळीतून पिल्लाचे डोके किंवा पाय बाहेर ओढला जातो, म्हणून बारीक जाळी वापरतात आणि घुशींसाठी ती जमिनीत पुरतात. वरून झाकलेले आवार नसल्यास लहान पिल्ले उघड्यावर सोडू नयेत.

बदकांच्या पिल्लांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा अधिक नायसिन लागते. त्याच्या अभावी पाय वाकडे व दुबळे होतात. बाहेर आल्यावर खाद्य भिजून त्यावर बुरशी धरण्याचा धोका अधिक गंभीर आहे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की मेल्या आणि बदकांची पिल्लेही दगावली. त्याचे मूळ ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत सापडले व त्यातून अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाचा शोध लागला. बदकाचे पिल्लू या विषाला इतके संवेदनशील असते की पुढे ते या विषाच्या चाचणीसाठीही वापरले गेले. भिजलेली पेंड वाळवून पुन्हा देणे त्यामुळे टाळावे.

भातशेतीतील पद्धती

केरळमधील कुट्टनाड भागात चारा व चेंबल्ली या स्थानिक जातींची पिल्ले उबेचा काळ संपल्यावर कापणी झालेल्या भातखाचरांत नेली जातात. तेथे सांडलेले धान्य, गोगलगाई व किडे हाच त्यांचा आहार असतो. जपानच्या फुकुओका प्रांतातील शेतकरी ताकाओ फुरुनो यांनी रूढ केलेल्या आयगामो पद्धतीत पिल्ले याहून कितीतरी लवकर, एक-दोन आठवड्यांची असतानाच, नुकत्याच लावणी झालेल्या खाचरात सोडतात. त्यापूर्वी त्यांना थोडे थोडे करून पाण्याची सवय लावलेली असते, आणि लावणीचा हंगाम उबदार असल्याने हे शक्य होते. खाचराच्या कडेला कोरडा निवारा आणि भोवती विजेचे कुंपण असते. पिल्ले तण व किडे खातात, चिखल ढवळतात आणि विष्ठेतून खत पुरवतात. भाताला लोंब्या येऊ लागल्या की मात्र त्यांना बाहेर काढावे लागते, अन्यथा ती दाणेही खातात.