कबुलीजबाब कोणाचा?

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर लोकल गाड्यांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसे मेली. या खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवले. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांतला एक २०२१ मध्येच नागपूरच्या तुरुंगात कोरोनाने मेला होता. बाकीच्यांची उमेदीची एकोणीस वर्षे गजाआड गेली.

खटल्याचा मोठा आधार होता तो पोलिसांनी घेतलेल्या कबुलीजबाबांचा. उच्च न्यायालयाने हे जबाब शेजारी शेजारी ठेवून वाचले. आरोपी वेगळे, जबाब घेणारे अधिकारी वेगळे, पण मजकुराचे काही भाग सारखेच! दोन माणसे एकच प्रसंग सांगतात तेव्हाही शब्द वेगळे येतात, हे गावच्या पंचालाही कळते. केईएम आणि भाभा रुग्णालयांतील वैद्यकीय पुरावा पाहून न्यायालयाने छळ झाल्याचेही मान्य केले.

असे जबाब मुळात न्यायालयात आलेच कसे? १८७२ च्या पुरावा कायद्यात इंग्रजांनीच लिहून ठेवले होते की पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. आपले पोलीस कसे कबुली काढतात हे परक्या सरकारलाही ठाऊक होते. नवा साक्ष कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला, त्यातही हा नियम कायम आहे. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडवलेल्या संविधानाचे कलम २०(३) तर कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करू देत नाही. पण टाडाने आडवाट काढली आणि १९९९ च्या मकोकाने महाराष्ट्रात ती पक्की केली. अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने घेतलेली कबुली मकोकात पुरावा ठरते. म्हणजे खिसेकापूची पोलिसांपुढची कबुली चालत नाही, आणि ज्याला फासावर चढवायचे त्याची मात्र चालते!

१९९४ मध्ये करतारसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी टाडातील हे कलम वैध ठरवले. विरोधात गेलेल्या दोघांपैकी एक होते दलित समाजातून आलेले न्या. के. रामस्वामी. आपल्या किती वकील मित्रांनी ते मत वाचले आहे?

‘हा मुसलमानांचा प्रश्न, आपल्याला काय त्याचे?’ असे म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांनी नाशिकचा खटला आठवावा. महाराष्ट्रातील भटक्या जमातीच्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशी दिली आणि २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. तिथे प्रश्न कबुलीचा नव्हता. साक्षीदाराने पोलिसांच्या फोटोंतून आधी भलतेच चार जण ओळखले होते. पण कोठडीत कोणाची पोरे नेली जातात, हे दोन्ही खटल्यांत दिसते. त्या सहा जणांना राज्याने प्रत्येकी पाच लाख द्यावेत असा आदेश झाला. तोही न्यायालयाच्या मर्जीने, हक्काने नव्हे. २०१८ मध्ये विधी आयोगाने २७७ व्या अहवालात अशा पीडितांसाठी कायदा करण्याची शिफारस केली होती. ती कागदावरच राहिली. अमेरिकेतल्या शिकागो शहराने पोलिसांच्या छळाला बळी पडलेल्या कृष्णवर्णीयांसाठी २०१५ मध्ये ५५ लाख डॉलरचा निधी मंजूर केला आणि हा इतिहास शाळेत शिकवायचेही ठरवले. तेही वर्षानुवर्षांच्या लढ्यानंतरच.

स्फोटात ज्यांची माणसे गेली त्यांचे काय? उच्च न्यायालयाचा निकाल बरोबर असेल, तर त्यांचीही एकोणीस वर्षे फसवणूक झाली, कारण खरे गुन्हेगार कोणी शोधलेच नाहीत.

राज्य सरकारला मात्र घाई होती ती अपिलाची. २४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडले नाही, पण या निकालाचा दाखला दुसऱ्या खटल्यात देता येणार नाही असा आदेश दिला. त्यामुळे मकोकाच्या कबुलीवर आत बसलेल्या दुसऱ्या कैद्याच्या वकिलाला हा निकाल न्यायाधीशापुढे ठेवण्याची वाट त्या दिवशी बंद झाली.