हिमालयांत जाणाऱ्यांची वळकटी

कॉलेजांत शिकणाऱ्या मुलामुलींपैकीं कोणी ना कोणी हल्लीं दरसाल हिमालयांत पायीं हिंडावयास निघतें, आणि सामानाची यादी घरांतील वडील मंडळींपुढें येऊन पडते. बूट, पाठपिशवी, पावसाळी कोट हीं समजण्याजोगीं असतात, पण 'स्लीपिंग बॅग' या नांवापुढची किंमत पाहून आजोबा विचारतात, "घरांत इतक्या गोधड्या असतांना ही कशाला?" प्रश्न अगदींच गैर आहे असें आम्हांस वाटत नाहीं. तत्त्व दोहोंचें एकच आहे. गोधडी स्वतः ऊब देत नाहीं. तिच्या थरांत कोंडलेली हवा आपल्याच अंगाची ऊब बाहेर जाऊं देत नाहीं, एवढेंच. फरक आहे तो वजनाचा आणि फटींचा. भरदार गोधडी पाठीवर घेऊन चार हजार मीटर चढणें हें हमालाचें काम. शिवाय कूस बदलतांच ती सरकते, आणि मान व पाय उघडे पडतात. वेल्समधील न्यूटाउनचे व्यापारी प्राइस जोन्स यांनीं १८७६ सालीं अंगावर दुमडून बंद करतां येणाऱ्या घोंगडीस उशाशीं फुगविण्याची रबरी उशी जोडून पेटंट घेतलें, तें याच अडचणीवर.

तेव्हां पिशवी हवी, हें ठरलें. पण कोणती? येथें बहुतेकांची फसगत होते ती पिशवीवर छापलेल्या अंशांच्या आंकड्यांत. युरोपांत २००२ सालीं यासाठीं एक प्रमाण ठरलें, व २०१६ पासून तें आंतरराष्ट्रीय झालें. ऊन केलेल्या पुतळ्यास आंतले लांब कपडे व मोजे घालून, चांगल्या जाड चटईवर पिशवींत निजवितात आणि त्याची ऊब किती वेगानें जाते तें मोजतात. त्यावरून तीन आंकडे काढतात. पहिला 'कम्फर्ट': सर्वसाधारण बांध्याच्या स्त्रीस हातपाय सैल सोडून स्वस्थ झोप लागेल असें तपमान. दुसरा 'लिमिट': सर्वसाधारण पुरुष पाय पोटाशीं घेऊन, न कुडकुडतां रात्र काढील असें. तिसरा 'एक्स्ट्रीम': या थंडींत सहा तास प्राण वांचेल, एवढेंच त्याचें म्हणणें, बोटें हिमदंशानें जाणार नाहींत याचीही हमी त्यांत नाहीं. पहिला आंकडा शून्य असला, तर दुसरा बहुधा उणें पांच-सहाच्या आसपास असतो, व तिसरा उणें वीसच्याही खालीं जातो. आतां दुकानदारानें तिसराच आंकडा ठळक अक्षरांत छापला, आणि घरच्या मंडळींनीं 'उणें वीस' वाचून निर्धास्तपणें मुलीस पाठविली, तर रात्रीं काय होईल हें सांगावयास नको. स्त्रियांनीं, सडपातळ मुलांनीं व पन्नाशी उलटलेल्यांनीं पहिलाच आंकडा पाहावा. आणि ज्या पिशवीवर तीनही आंकडे वेगळे दिलेले नाहींत, ती कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी.

मग आपणांस कोणता आंकडा हवा? दर हजार मीटर उंचीस हवा सुमारें साडेसहा अंश थंड होते, हें गणित धरावें. कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कोंकणकिनाऱ्याहून दहा-अकरा अंशांचा फरक. सह्याद्रींतील गडांवर कडाक्याच्या रात्रींही पारा सहसा शून्यापर्यंत उतरत नाहीं. पांचसहा अंश कम्फर्टची हलकी पिशवी, अंगांत स्वेटर, कानाला मफलर, एवढ्यावर हरिश्चंद्रगड सुखानें होतो. मे महिन्यांत सार पासला, म्हणजे सुमारें ४,२०० मीटरवर जावयाचें, तर शून्य ते उणें पांच पाहावें. डिसेंबर-जानेवारींत बर्फांतून केदारकंठा चढावयाचा असेल, तर उणें दहाची भाषा बोलावी लागते.

याहून दुर्लक्षित बाब म्हणजे खालची चटई. अंगाखालीं दबलेल्या भागांतील हवा निघून गेलेली असते. तेथें कितीही महाग भरण असो, जमीन ऊब शोषून घेतेच. प्रमाणांतील पुतळा जाड चटईवर निजला होता, हें विसरूं नये. चटईच्या अवरोधास 'आर' असा आंकडा देतात. साध्या फोमच्या चटईचा तो दोनच्या आंतबाहेर असतो, बर्फावर चार-पांच हवा; आणि सोयीची गोष्ट अशी कीं, दोन चटया एकावर एक घातल्या तर आंकड्यांची बेरीज होते. पिशवीवर हजारों रुपये वाढविण्याआधीं दुसरी फोमची चटई घ्यावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

भरण दोन जातींचें: बदक-हंसांच्या पिसांखालची मऊ लव, आणि पॉलिएस्टरचे तंतू. लव वजनाच्या मानानें फार ऊबदार. लहानशा गठडींत मावते, नीट राखली तर वर्षानुवर्षें टिकते. पण ती महाग, आणि भिजली कीं गोळा होऊन निरुपयोगी होते. शिवाय ती पक्ष्यांच्या अंगावरची आहे, ही गोष्ट कित्येक घरांत विचारांत घेतली जाईल. पॉलिएस्टर जड व फुगीर, परंतु ओलें झालें तरी बरीचशी ऊब राखतें, लवकर वाळतें आणि किंमत पुष्कळच कमी. पहिल्या खरेदीस आम्ही तेंच सुचवूं. ओलाव्याचा शत्रुपणा कमी लेखूं नये. १९११ च्या जून-जुलैंत, म्हणजे दक्षिण ध्रुवाकडील भर हिवाळ्यांत, स्कॉटच्या तुकडींतील विल्सन, बावर्स व चेरी-गॅरार्ड पेंग्विनची अंडीं आणावयास केप क्रोझियरला गेले. पांच आठवड्यांनीं ते परतले तेव्हां घामाचा व श्वासाचा ओलावा आंत गोठून त्यांच्या रेनडिअरच्या कातड्याच्या पिशव्यांचें वजन दुपटीहून अधिक झालें होतें! म्हणून तोंड आंत घेऊन निजूं नये, दिवसाचे घामट कपडे बदलावे, आणि सकाळीं ऊन पडतांच पिशवी उलटून वाळवावी.

पुष्कळ संस्था आपल्या सहलींत पिशवी स्वतःच पुरवितात. पायथ्याच्या गांवींही भाड्यानें मिळते. आयुष्यांत एकदांच बर्फांत जावयाचें असेल, त्यानें जड पिशवी भाड्यानें घ्यावी आणि सह्याद्रीपुरती हलकी मात्र स्वतःची ठेवावी. भाड्याच्या पिशवींत किती जण निजून गेले असतील याचा विचार ज्यांस सहन होत नाहीं, त्यांच्यासाठीं उपाय घरच्या ट्रंकेंत आहे. जुन्या मऊ नऊवारी लुगड्याचे मधोमध दोन तुकडे करावे, प्रत्येक दुमडून दोन्ही कडा शिवाव्या. दोन मीटर लांबीच्या दोन खोळी होतात. ऊब थोडीशीच वाढते, पण अंगाला लागतें तें आपलें कापड, आणि परतल्यावर धुवावयास सोपें. रेशमी असेल तर वजनही नगण्य.

घेण्यापूर्वीं दुकानांतच पिशवींत निजून पाहावें. फार ऐसपैस असली तर रिकामी हवा तापविण्यांत अंगाची ऊब खर्च होते. फार घट्ट असली तर भरण दबतें. डोक्याची टोपी आवळतां येते कीं नाहीं, आणि साखळीच्या आंतून भरलेली पट्टी आहे कीं नाहीं, हें चांचपून घ्यावें. वारा शिरतो तो तेथूनच. घरीं आणल्यावर ती बरोबर मिळालेल्या आवळ खोळींत वर्षभर कोंबून ठेवूं नये, भरण कायमचें बसतें. माळ्यावर जागा नसेल तर सैल अभ्र्यांत घालून कपाटांत टांगावी.