संघाची शर्यत : चौथ्या धावपटूचं मोल

आजऱ्यासारख्या तालुक्याच्या गावातून चार-सहा जण एकाच क्लबच्या बनियनमध्ये शर्यतीला उतरतात, तेव्हा निकाल एकट्याचा राहत नाही.

गुण : जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धेत वरिष्ठ गटात संघाचे सहा जण धावतात; पहिल्या चौघांच्या क्रमांकांची बेरीज होते. कमी बेरीज, तो संघ विजयी. एका संघाचे क्रमांक १, ३, १२, १७ (बेरीज ३३) आणि दुसऱ्याचे २, ५, ९, १४ (बेरीज ३०) असतील, तर पहिला नंबर हुकूनही दुसरा संघ जिंकतो. बरोबरी झाल्यास ज्याचा चौथा गडी आधी पोहोचला, तो संघ वरचढ. अर्ध मॅरेथॉनच्या जागतिक स्पर्धेत तिघांच्या वेळांची बेरीज धरतात.

अंतर : अर्ध मॅरेथॉन २१.०९७५ किमी. प्रमाणित मार्ग सायकलच्या चाकाला गणकयंत्र लावून मोजतात. मार्ग कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जादा धरतात.

सराव : आंबोलीकडे जाणाऱ्या संकेश्वर-बांदा रस्त्यावर वाहनांची वर्दळ असते. समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या कडेने, एकामागे एक धावा. पावसाळ्यात भडक रंगाचे कपडे हवेतच.

जवळची मोठी शर्यत : सातारा हिल हाफ मॅरेथॉन, २०१२ पासून, यवतेश्वर घाट चढून परत.

प्रेरणा : माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी, दहावा क्रमांक.

बेरीज चौथ्या क्रमांकावर पूर्ण होते, म्हणून क्लबने सर्वांत जास्त मेहनत चौथ्या गड्यावर घ्यावी. संघ त्याच्याच पायांवर जिंकतो.