पाठीवरचं साल

लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांवर नेपाळी राखणदार दिसतात, त्यामुळे कुकरी मावळाला अनोळखी नाही. शेतकऱ्याला तिची ठेवण लगेच उमगते: धार आतल्या, वाकलेल्या अंगाला आणि वजन टोकाकडे. कोयत्याचीच जातकुळी. पण ती किती जुनी, हे विचारलं की जो तो गंज दाखवतो. लोणावळ्याच्या एका पावसाळ्यात नव्या पात्यालाही तेवढा गंज चढतो!

आधी मूठ पाहावी. जुन्या कुकरीत पात्याची निमुळती शेपटी मुठीत राळेने बसवलेली असते. रुंद पट्टीवर दोन्ही अंगांनी लाकूड रिव्हेटने ठोकलेलं असेल, तर बहुधा तो विसाव्या शतकातला लष्करी पुरवठ्याचा माल. लांब, अरुंद पातं आणि मध्ये कडं नसलेली साधी मूठ अठराव्या-एकोणिसाव्या शतकाकडे बोट दाखवते. पितळी सिंहमुखाची मूठ मात्र पर्यटकांसाठी. तिच्यावर वेळ घालवू नये.

2003च्या सुमारास काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला जुना शस्त्रसाठा परदेशी व्यापाऱ्यांनी विकत घेतला आणि हजारो कुकऱ्या जगभर गेल्या. अशा अनेक लष्करी कुकऱ्यांच्या पाठीवर देवनागरीत पलटणीचं नाव, क्रमांक, कधी साल कोरलेलं सापडतं. युरोपातल्या संग्राहकाला त्यासाठी जाणकार शोधावा लागतो. आपल्याला अक्षरं आयती वाचता येतात, आणि फसगतही तिथेच होते. पाठीवर १९७८ दिसलं की आपण परवाचीच म्हणून ती बाजूला ठेवतो. ते विक्रम संवत असेल तर त्यातून 57 वजा करायचे (वर्षअखेरच्या महिन्यांत 56): 1921, म्हणजे नेपाळचे पंतप्रधान चंद्रशमशेर राणांचा काळ. १८२५ असेल तर आणखी जपून. नेपाळच्या नाण्यांवर 1911च्या सुमारापर्यंत आपल्याकडच्यासारखा शकच असे. त्या हिशेबाने 78 मिळवायचे: 1903. तोच आकडा विक्रम संवताचा धरला, तर कुकरी थेट 1768त, पृथ्वीनारायण शहाने काठमांडू घेतलं त्या वर्षात जाऊन बसते. विकणाऱ्याला अर्थातच हाच हिशेब आवडतो.

कोरलेल्या नावापुढचं ‘श्री’ही मोजावं. नेपाळचा राजा ‘श्री ५’ असे, राणा पंतप्रधान ‘श्री ३’. ‘श्री ३’चा मान जंगबहादुर राणाला 1856 साली मिळाला. तेव्हा ‘श्री ३’चा कोरीव लेख त्याआधीचा नाही.

लेख जुना म्हणजे पातंही तेवढंच जुनं, असं मात्र नाही. कोठारात आलेल्या जुन्या पात्यावर पुढे क्रमांक पडू शकतो. उलट, आजचा कारागीरही जुनं साल कोरू शकतो. म्हणून भिंग घ्यावं: भोवती गंजाचे खड्डे असून अक्षरांच्या खाचा मात्र लख्ख असतील, तर कोरणी गंजानंतर चालली आहे.