तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय? 'जरा पडून राहा' म्हणू नका, आधी घड्याळ बघा

सकाळचे सव्वासहा. माझी आत्या चहाचा कप घेऊन ओट्यापासून निघाली आणि दोन पावलांवर कप तिच्या उजव्या हातातून सुटला. वहिनीने विचारलं, "काय झालं आई?" आत्याने उत्तर दिलं, पण शब्द नीट फुटेनात. दारू प्यायलेला माणूस बोलतो तसं काहीतरी ऐकू आलं.

घरच्यांना वाटलं, रात्री झोप झाली नसेल, पित्त झालं असेल. तिला पडायला सांगितलं. लिंबू सरबत दिलं. साडेआठला शेजारच्या काकू आल्या, "अंगावरून वारं गेलंय बहुतेक" म्हणाल्या आणि हाताला कोमट तेल चोळून दिलं. दहाला फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना उघडला. त्यांनी बघताक्षणी मोठ्या हॉस्पिटलला न्यायला सांगितलं. मग तालुक्याचं एक हॉस्पिटल. तिथे सलाईन लागलं, पण सीटी स्कॅन मशीन नव्हतं. मग जिल्ह्याचं ठिकाण. स्कॅन झाला तेव्हा दुपारचा एक वाजला होता.

तिथल्या न्यूरॉलॉजिस्टनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटच्या व्यवस्थित कधी होत्या?" आतेभावाने सांगितलं, सव्वासहाला. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ पावणेअकरालाच संपली होती.

इथे लक्षात घ्या, कुणीच निष्काळजी नव्हतं. घरातला प्रत्येक माणूस काही ना काही करत होता. फक्त जे करायला हवं होतं, ते कुणालाच माहीत नव्हतं. आत्या ब्लाऊज शिवायची, गावात तिचं नाव होतं. आज ती चालते, बोलते, पण उजव्या हातात सुई धरता येत नाही.

म्हणून हा लेख. पाच-सहा मिनिटं लागतील, पण वाचून ठेवा.

स्ट्रोक म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्याकडे याला लकवा म्हणतात, पक्षाघात म्हणतात, अर्धांगवायू म्हणतात. गावाकडे 'वारं गेलं' म्हणतात. या शब्दांमुळे एक घोळ होतो. हात-पाय लुळे पडलेले दिसतात, म्हणून आजार हातापायात आहे असं वाटतं आणि तेल चोळणं सुरू होतं. खरा बिघाड मेंदूत झालेला असतो.

मेंदूला रक्त नेणारी एखादी वाहिनी अचानक बंद पडते किंवा फुटते, त्याला स्ट्रोक म्हणतात. बहुतेक वेळा वाहिनीत रक्ताची गुठळी अडकते. ही गुठळी तिथेच तयार होते किंवा मानेतल्या रक्तवाहिनीतून, हृदयातून वाहत येते. उरलेल्या वेळी वाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो.

मेंदूच्या ज्या भागाचं रक्त थांबलं, त्या भागाचं काम थांबतं. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते आणि बहुतेक लोकांमध्ये बोलण्याचं कामही डावीकडेच असतं. आत्याचा उजवा हात आणि बोलणं एकाच वेळी गेलं, त्याचं कारण हे.

मग लोक थांबतात का?

कारण स्ट्रोक बहुतेक वेळा दुखत नाही.

हार्ट अटॅकमध्ये छातीत कळ येते, घाम फुटतो, माणूस घाबरतो आणि घरचे धावतात. मेंदूच्या पेशींना मात्र स्वतःला वेदना कळत नाहीत. रक्तस्राव झाला तर अचानक भयंकर डोकं दुखू शकतं, पण गुठळीच्या स्ट्रोकमध्ये बऱ्याचदा काहीच दुखत नाही. वर काही पेशंटना आपल्याला काही झालंय हेच समजत नाही, कारण ते समजून घेणारा मेंदूचा भागच बाधित झालेला असतो. ते चक्क म्हणतात, "मला काही झालं नाही, उगाच गडबड करू नका."

त्यामुळे नियम सोपा आहे. पेशंट काय म्हणतो त्यावर जाऊ नका, तुम्हाला काय दिसतंय त्यावर जा.

ओळखायचं कसं?

१९९८ मध्ये ब्रिटनमध्ये अॅम्ब्युलन्स कर्मचाऱ्यांसाठी 'फास्ट' नावाची साधी तपासणी तयार झाली. आता ती जगभर शिकवली जाते. आपल्या भाषेत ती अशी:

१. चेहरा: हसायला सांगा, दात दाखवायला सांगा. तोंड एका बाजूला ओढलं जातंय किंवा एक बाजू लोंबतेय का?

२. हात: डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा. एक हात आपोआप खाली येतोय का? उचलताच येत नाही का?

३. बोलणं: एक साधं वाक्य म्हणायला सांगा, 'आज बाहेर कडक ऊन पडलंय' असं काहीही. शब्द बोबडे येतायत, भलतेच येतायत किंवा आपण बोललेलं त्यांना कळतच नाही असं आहे का?

४. वेळ: यातली एक जरी गोष्ट दिसली, तरी घड्याळ बघा आणि निघा. तिन्ही लक्षणं दिसायची वाट बघू नका.

यात अजून दोन गोष्टी धरा. अचानक तोल जाणं, चालताना एका बाजूला झुकणं. आणि अचानक एका किंवा दोन्ही डोळ्यांना दिसेनासं होणं, एकाचं दोन दिसणं.

या सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे 'अचानक'. महिनाभर हात दुखतोय हा वेगळा विषय. पाच मिनिटांपूर्वी ठीक असलेला माणूस आता ठीक नाही, हा स्ट्रोकचा इशारा.

साडेचार तासांचं गणित काय?

अमेरिकन न्यूरॉलॉजिस्ट जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये एक हिशेब मांडला. मोठी वाहिनी बंद पडून स्ट्रोक आला आणि उपचार मिळाले नाहीत, तर दर मिनिटाला मेंदूतल्या साधारण १९ लाख चेतापेशी मरतात. सरबत करायला पाच मिनिटं लागली असं धरलं, तरी आकडा एक कोटीच्या जवळ जातो.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन उपलब्ध आहे. अमेरिकेत १९९६ मध्ये त्याला स्ट्रोकसाठी मान्यता मिळाली, तेव्हा मुदत तीन तासांची होती. २००८ मधल्या युरोपातल्या एका अभ्यासानंतर ती साडेचार तासांवर गेली. पण याचा अर्थ 'साडेचार तास आहेत, निवांत जाऊ' असा नाही. पहिल्या तासात दिलेलं इंजेक्शन चौथ्या तासात दिलेल्यापेक्षा जास्त फायदा करतं.

दुसरा उपचार म्हणजे जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून बाहेर काढणं. मोठी वाहिनी बंद असेल तर हा उपचार होतो. साधारणपणे सहा तासांच्या आत आणि काही निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंतही. ही सोय मुख्यतः मोठ्या शहरांतच आहे.

आता प्रश्न येतो, वेळ मोजायची कधीपासून? लक्षणं तुम्हाला दिसली तेव्हापासून नाही, पेशंट शेवटचा ठणठणीत होता तेव्हापासून. कुणी रात्री दहाला ठीक झोपलं आणि सकाळी सहाला लुळा हात घेऊन उठलं, तर घड्याळ दहापासून धरतात. म्हणून 'आता उशीर झालाय' असं घरी बसून ठरवू नका. अशा काही पेशंटना पुढच्या तपासण्या करून उपचार देता येतात. ते डॉक्टरांना ठरवू द्या.

लक्षणं दिसली, आता करायचं काय?

वेळ लिहा. हातावर, मोबाइलमध्ये, कुठेही. 'शेवटचे ठीक कधी होते' हा प्रश्न हॉस्पिटलमध्ये हमखास विचारतात.

१०८ ला फोन लावा आणि 'चक्कर आली' असं मोघम सांगू नका, 'स्ट्रोकचा संशय आहे' असं स्पष्ट सांगा. अॅम्ब्युलन्सला फारच वेळ लागणार असेल आणि चारचाकी दारात असेल, तर थांबू नका. पण पेशंटला बाइकवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका.

कुठे जायचं? आत्याचे दोन-अडीच तास नेमके इथे गेले. जवळचा दवाखाना नाही, तर जवळचं असं हॉस्पिटल जिथे सीटी स्कॅन चोवीस तास चालू असतो आणि स्ट्रोकचं इंजेक्शन देतात. कारण गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून बघून सांगता येत नाही. त्यासाठी स्कॅनच लागतो. निघताना हॉस्पिटलला फोन करून कळवलं, तर तिथली तयारी आधीच सुरू होते.

सोबत चालू गोळ्यांची पाकिटं घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आवर्जून सांगा. शुगरचा त्रास असेल आणि घरी ग्लुकोमीटर असेल तर शुगर तपासा, कारण शुगर एकदम खाली गेली तरी अशीच लक्षणं दिसू शकतात. पण त्यासाठी निघायचं थांबवू नका.

पेशंट उलटी करत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर त्याला कुशीवर झोपवा.

अजून एक. इंजेक्शनने रक्तस्राव व्हायचा थोडा धोका असतो, त्यामुळे डॉक्टर घरच्यांची संमती मागतात. त्या वेळी मोठ्या काकांना फोन, मग मुंबईच्या मामांना फोन, असं सुरू झालं की हातातला वेळ निसटतो. ज्याला निर्णय घ्यायचाय त्याने सोबतच जावं. शंका डॉक्टरांना तिथेच विचाराव्यात.

आणि काय करायचं नाही?

खायला-प्यायला काही देऊ नका. स्ट्रोकमध्ये गिळण्याची ताकदही जाऊ शकते. पाणी, सरबत, साखर, गोळी, काहीही श्वासनलिकेत जाऊ शकतं.

अॅस्पिरिन देऊ नका. हार्ट अटॅकसाठी ऐकलेला सल्ला इथे लावू नका. आत रक्तस्राव असेल तर ती गोळी घातक ठरेल.

बीपी वाढलेलं दिसलं म्हणून घरीच जादा गोळी देऊ नका. स्ट्रोकमध्ये बीपी बऱ्याचदा वाढलेलं असतं आणि ते झटकन खाली आणलं तर मेंदूला मिळणारं रक्त आणखी कमी होऊ शकतं.

तेल चोळणं, कांदा हुंगवणं, कबुतराच्या रक्ताने मालिश, यातलं काहीही मेंदूतली गुठळी हलवू शकत नाही. आणि तो व्हॉट्सअॅप फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल, दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढायचा. त्याला कसलाही वैद्यकीय आधार नाही. त्यात फक्त वेळ जातो.

दहा मिनिटांत सगळं ठीक झालं तर?

तर ती सुटका नाही, धोक्याची घंटा आहे. कधी कधी गुठळी अडकते आणि आपोआप सुटते. हात परत चालायला लागतो, बोलणं सुधारतं. याला छोटा स्ट्रोक म्हणतात. यानंतर मोठा स्ट्रोक यायचा धोका पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो. त्यामुळे लक्षणं गेली तरी त्याच दिवशी, लगेच हॉस्पिटल गाठा.

मुळात टाळता येतो का?

बऱ्याच अंशी, हो. वर्ल्ड स्ट्रोक ऑर्गनायझेशन सांगते की पंचविशीच्या पुढच्या दर चार माणसांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी स्ट्रोक येतो. म्हणजे हा फक्त आजी-आजोबांचा आजार नाही. पण यातले बरेच धोके आपल्या हातात असतात.

पहिला नंबर बीपीचा. बीपी काहीही त्रास न देता वाढतं. आपल्याकडे एक चूक घरोघरी होते, बीपी नॉर्मल आलं की गोळी बंद. आत्यानेही तेच केलं होतं. बीपी गोळीमुळे नॉर्मल आलेलं असतं, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती थांबवू नका. मग शुगर, कोलेस्टेरॉल, अनियमित ठोके, दारू आणि तंबाखू. सिगारेट, गुटखा, मिश्री हे सगळं तंबाखूतच आलं. लोणचं-पापडातलं मीठही बीपीच्या हिशेबात धरा.

आज एवढंच करा

आपल्या घरापासून चोवीस तास सीटी स्कॅन असलेलं आणि स्ट्रोकचं इंजेक्शन देणारं सगळ्यात जवळचं हॉस्पिटल कोणतं, हे आजच फोन करून विचारा. नंबर 'स्ट्रोक' नावाने सेव्ह करा आणि फॅमिली ग्रुपवर टाका. गावी आई-वडील एकटे राहत असतील तर शेजाऱ्यांनाही द्या.

आत्याच्या त्या सकाळी घरात चार मोबाइल होते. यातल्या एकातही तो नंबर नव्हता.