हन्स्टंटनची नारळी पौर्णिमा

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर राहून समुद्रात मावळणारा सूर्य पाहायचा असेल तर कुठे जावं? आमच्या मुलांनी हे कोडं बाबांना घातलं, तेव्हा बाबा म्हणाले, "पूर्व किनाऱ्यावर सूर्य उगवतो, मावळत नाही. इतकं भूगोल मलाही येतं." उत्तर आहे हन्स्टंटन. नॉरफकच्या वायव्य कोपऱ्यात, 'द वॉश' नावाच्या प्रचंड उथळ खाडीच्या तोंडाशी हे गाव चक्क पश्चिमेकडे तोंड करून बसलं आहे.

आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे आले होते. "तुमच्याकडे मला काही काम नाही रे," हे दिवसातून दोनदा ऐकायचो. बालपण गुहागरच्या समुद्रावर गेलेला माणूस लेस्टरच्या बागेत बसून बसणार तरी किती! २०२५ साली श्रावणातली पौर्णिमा ९ ऑगस्टला, नेमकी शनिवारी आली. आम्ही थर्मासमध्ये चहा, डब्यात थालीपीठं आणि दाण्याची चटणी, आणि पिशवीत एक नारळ घेऊन निघालो.

गाडीतच बाबांनी हिशेब मांडला. कोकणातल्या प्रत्येकाला तो पाठ असतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. "पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. साडेपाचला पूर्ण ओहोटी. दिवसभर वाळूत खेळा." साडेबाराला पोचलो तर समुद्र दूर गेलेला, आणि अजून मागे हटतच होता. बाबांची छाती फुगली. आम्हीही भरतीचं वेळापत्रक बघायच्या भानगडीत पडलो नाही. खाली उतरताना इशाऱ्याची पाटी होती. वाचली आणि विसरलो.

कड्यांचं पहिलं दर्शन मात्र विसरता येणार नाही. सुमारे अठरा मीटर उंच, मैलभर लांब भिंत, आणि तिच्यात तीन पट्टे: खाली गुळासारखा तपकिरी वालुकाश्म, मध्ये विटेसारखा लाल खडू, वर पांढराशुभ्र खडू. "तीन रंगांची बर्फी!" धाकटी ओरडली. खडू म्हणजे सूक्ष्म सागरी शेवाळाच्या कवचांचा गाळ. लाल पट्टा जेमतेम मीटरभर जाडीचा, पण तो साचायला लाखो वर्षं लागली. लाल आणि तपकिरी रंग लोखंडाच्या ऑक्साईडचे, म्हणजे साध्या भाषेत गंजाचे. "मग आपला जांभा दगड?" बाबांनी विचारलं. तोही त्याच गंजानं लाल. बाबांनी खाली पडलेला एक लाल तुकडा हातात घेऊन बराच वेळ न्याहाळला.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावर ते जरा दुखावलेच. हा खडू सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीचा. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्हातून झाला, तो साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. म्हणजे इथे हे थर साचत होते तेव्हा सह्याद्री नव्हताच. भारतभूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला मादागास्करला चिकटून होती! "म्हणजे आपणही स्थलांतरितच," असं म्हणून बाबांनी दुसरं थालीपीठ घेतलं.

जेवून आम्ही कड्यांखालून उत्तरेकडे चालत निघालो. कपारींत फुल्मार पक्षी बसलेले, वाळूत गोल गुळगुळीत धोंड्यांच्या रांगा. टोकाला 'शेरटन' या वाफेवर चालणाऱ्या मासेमारी जहाजाचा सांगाडा पडला आहे. १९०७ साली बांधलेलं हे जहाज १९४७ च्या वादळात दोर तुटून इथे येऊन लागलं. मुलं त्याच्या गंजलेल्या फासळ्यांभोवती रमली. आम्ही फोटो काढत होतो.

साडेचारच्या सुमारास बाबा एकदम उभे राहिले. मघाशी कोरडी असलेली वाळूतली एक पन्हळ पाण्यानं भरली होती, आणि पाणी किनाऱ्याकडे वाहत होतं. "हिशेब चुकलाय. भरती चालू आहे. पोरांना बोलवा." आवाजात घाई नव्हती, पण आम्हाला वाद घालायची हिंमत झाली नाही. आलो त्या वाटेकडे पाहिलं तर कड्याच्या पायथ्याशी वाळूची पट्टी अरुंद होत चालली होती. धाकटीचे बूट मागे दगडावर राहिले होते. ते तसेच सोडले. परत न जाता पुढे ओल्ड हन्स्टंटनच्या वाळूच्या टेकड्यांकडे निघालो आणि जुन्या दीपगृहाच्या बाजूनं कड्यावर चढलो. पुढे काही वेळानं वरून पाहिलं, तर जिथे थालीपीठं खाल्ली तिथे लाटा कड्यावर आपटत होत्या. कोणी काही बोललं नाही. बाबांनी फक्त धाकटीचा हात सोडला नव्हता.

हा समुद्र किती अंगावर येऊ शकतो, हे या गावाला ठाऊक आहे. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उधाण आणि उत्तरेचं वादळ एकत्र आलं आणि हन्स्टंटनमध्ये ३१ माणसं दगावली. त्यांत जवळच्या तळावरच्या अमेरिकन कुटुंबांतलीही होती. रीस लेमिंग या बावीस वर्षांच्या अमेरिकन हवाईदल जवानानं, स्वतःला पोहता येत नसताना, रबरी होडी ओढत २७ जणांना वाचवलं. गावात त्या बळींचं स्मारक आहे.

हिशेब का चुकला? चंद्र तोच, पण वाट वेगळी. अटलांटिकची भरती स्कॉटलंडला वळसा घालून उत्तर समुद्रातून खाली येते आणि तासन्‌तास प्रवास करून वॉशला पोचते. उधाणाला पाण्याची पातळी सहा मीटरहून अधिक चढते, आणि सपाट वाळूवर ती माणसाला चटकन गाठते. तेव्हा मंडळी, जाणार असाल तर भरतीची वेळ आधी बघा, कड्याच्या अगदी खाली बसू नका (दगड कोसळतात, आम्ही बसलो ते चुकलंच), आणि कड्यावर हातोडी चालवू नका.

सातच्या सुमारास फिरण्याच्या बांधावर उभं राहून बाबांनी भरल्या समुद्रात नारळ सोडला. मग खिशातून छोटी वही काढली, भिंतीवरचं भरतीचं वेळापत्रक पाहिलं आणि बराच वेळ आकडेमोड केली.

"इथला हिशेब सापडला. तिथीची पाऊणपट, वजा चार."

"आबा, थंडीत घड्याळ तासभर मागे जातं," धाकटी म्हणाली.

"मग थंडीत वजा पाच," बाबा म्हणाले आणि तेही वहीत लिहिलं. तोवर सूर्य पाण्याकडे कलला होता. गाडीकडे जाताना धाकटी अनवाणी होती, म्हणून बाबांनी तिला पाठुंगळी घेतलं आणि विचारलं, "आता अमावास्या कधी आहे रे? एकदा ताळा करून बघायला पाहिजे."